कुंडलिकतात्यांची पहिली उडी

निंबहळ्ळीत कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन फीत कापून होत नाही. ती गोष्ट वापरून होते. नगरपंचायतीच्या वहीत तसा ठरावच आहे, आणि तो ठराव एका बागेमुळं झाला.

दहा वर्षांपूर्वी निंबहळ्ळीच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. गावानं हौसेनं पहिलं काम हाती घेतलं ते बागेचं. कारंजं, दोन घसरगुंड्या, सिमेंटचं हरीण. सोलापूरहून मोठे पाहुणे आले. त्यांनी फीत कापली, आणि फाटकाच्या कुलपाची किल्ली मखमलीवर ठेवून त्यांच्या हातात दिली गेली. पाहुण्यांना वाटलं, आठवण म्हणून दिलीय. त्यांनी किल्ली खिशात घातली, गावाला नमस्कार केला आणि गेले. कुलूप तोडावं, तर ते सरकारी. दुसरी किल्ली करावी, तर तिला मंजुरी हवी. अकरा महिने बाग बंद. कुंपणाखालून शेळ्या तेवढ्या आत जायच्या, आणि पोरं गजांना नाक लावून घसरगुंडीकडं बघत उभी राहायची.

त्या वेळी महादेवीअक्का नुकत्याच नगरसेविका झाल्या होत्या. त्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हितनं पुढं पाहुणा न्हाय, फीत न्हाय. ज्याला ज्यातलं कळतं, त्यानं ती गोष्ट सगळ्यांदेखत वापरायची. वापरली, की उघडली."

ठराव झाला आणि गावाला करमणुकीचं नवीन साधन मिळालं. खुली व्यायामशाळा संगमेश पैलवानानं उघडली. पहिल्याच झटक्याला त्यानं छातीचं यंत्र पायातल्या सिमेंटसकट उपटलं आणि ते हातात धरून "आता कुटं ठेवू?" म्हणून विचारलं. सांस्कृतिक भवन काशम्मांच्या भजनानं उघडलं. काशम्मांना जन्मात पहिल्यांदा माईक मिळालेला. चारला सुरू झालेलं उद्घाटन जेवणवेळ टळून गेली तरी संपेना, तेव्हा वायरमननं गावाच्या भल्यासाठी डीपीचा फ्यूज काढला.

सगळ्यांत अवघड गेलं ते एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह. मान बसूचा होता. बसूचं स्टँडवर चहाचं हॉटेल, आणि परगावच्या माणसाला 'तिकडं, बाभळीमागं' असं तीस वर्षं तोच सांगत आला होता. बसू फेटा बांधून आत गेला. बाहेर बँड, हलगी आणि तीनशे माणसं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बँडवाल्यांनी तेच गाणं तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा आतून बसूचा रडवेला आवाज आला, "अय्यो, आदी वाजवायचं थांबवा की रे! असं कुनाला जमतंय का?"

अशा रीतीनं दहा वर्षांत गाव सुधारलं. आणि दहाव्या वर्षी पोहण्याचा तलाव बांधून झाला.

हा तलाव कोण उघडणार, याबद्दल गावात कधी चर्चाच झाली नाही. पूर्व कुठल्या बाजूला आहे, याची चर्चा होत नाही, तसं. कुंडलिकतात्यांशिवाय दुसरं कोण? तात्या शाळेचे शिपाई. अडतीस उन्हाळे त्यांनी गावातल्या पोरांना चिंचेच्या विहिरीत पोहायला शिकवलं. सुकलेला भोपळा पोराच्या पाठीला, दोर कमरेला, आणि दोराचं दुसरं टोक तात्यांच्या हातात. पुढं भोपळे मिळेनासे झाले, तेव्हा तेलाचा प्लॅस्टिकचा डबा आला, पण दोर आणि तात्या तेच राहिले. कुणी गटांगळी खाल्ली, की दोराला हिसका बसायचा आणि पोरगं वर. अडतीस वर्षांत एका पोराच्या नखाला धक्का लागला नाही. आज तालुक्यात निंबहळ्ळीचा माणूस पाण्यात पडला, तर लोक काठावर बसून बिडी पेटवतात. तो आपला आपण बाहेर येणार, याची खात्री असते.

सहा वर्षांपूर्वी नगरपंचायतीनं विहिरीचं सुशोभीकरण केलं. म्हणजे वर लोखंडी जाळी घातली आणि रंगीत दिवे लावले. विहीर छान दिसू लागली, पण पोरांचं पोहणं बंद पडलं. ती चूक दुरुस्त करायची, म्हणून महादेवीअक्का नगराध्यक्ष झाल्यावर तलावाच्या मागं लागल्या. त्या स्वतः तात्यांच्या हातच्या. मुलींनी विहिरीवर यायचं नाही, असं गाव म्हणत होतं, त्या काळात तात्यांनी आठ वर्षांच्या महादेवीला दोर बांधला होता. "पाण्याला कळतंय व्हय, पोरगा हाय का पोरगी?" एवढंच ते गावाला म्हणाले होते.

तर महादेवीअक्का पेढे घेऊन तात्यांच्या घरी आल्या.

"तात्या, एकवीस तारीख. सकाळी दहाला. पहिली उडी तुमची."

तात्यांच्या घशात पेढा अडकला. मथुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"अगं, माजा गुडघा लई दुखतोय," तात्या म्हणाले.

"पाण्यात गुडघा हलका होतो. तुमीच सांगितलंय की."

"मग असं करू. मी उथळ बाजूनं हळूच पायरीवरनं उतरतो."

अक्का हसू लागल्या. "उथळ बाजूनं? तुमी? तात्या, तिकडं सहा वर्षांची पोरं उतरणार. तुमच्यासाठी सात फुटाच्या बाजूला ठोकळा बांधून घेतलाय. तुमच्या नावाची पाटी पण रंगवायला टाकलीय."

अक्का गेल्या. तात्या भिंतीला टेकून बसले. मथुराबाई उरलेले पेढे झाकत म्हणाल्या, "आता काय करताय?"

अडचण मोठी नव्हती, पण एकच होती. कुंडलिकतात्यांना पोहता येत नव्हतं.

यात तात्यांनी कुणाला फसवलं होतं असं नाही. तात्या मूळचे दुष्काळी केम गावाकडचे. तिकडं त्यांच्या लहानपणी विहिरीला पाणी असायचं ते घागर बुडण्यापुरतं. बाविसाव्या वर्षी ते शिपाई म्हणून निंबहळ्ळीत आले. पहिल्याच उन्हाळ्यात हेडमास्तरांनी हातात दोर दिला आणि म्हणाले, "विहिरीवर पोरं फार झालीत, जरा लक्ष ठेव." तात्यांनी लक्ष ठेवलं. पाण्यात असलेल्या मोठ्या पोरांचे हातपाय कसे हलतात ते बघितलं, बेडकांचे बघितले, म्हशींचे बघितले, आणि दोराला बांधलेल्या दोन धाकट्यांना तसंच सांगत राहिले. संध्याकाळपर्यंत दोघं तरंगू लागली. घरी जाऊन म्हणाली, "कुंडलिकमामानं शिकवलं." दुसऱ्या दिवशी अकरा पोरं आली. तिसऱ्या दिवशी तात्या खरं सांगणारच होते, पण तेवढ्यात एका आईनं त्यांच्यासाठी शेंगापोळी आणली. तिसऱ्या वर्षी सांगणं अवघड झालं, आणि तेराव्या वर्षी सांगायचं होतं हेच विसरायला झालं. तात्या चौथ्या पायरीवर कोरडे उभे असत. मास्तरनं कशाला भिजायचं, असंच सगळ्यांना वाटायचं.

हे गुपित माहीत होतं ते फक्त मथुराबाईंना.

"सांगून टाका सरळ," त्या म्हणाल्या.

"एवढ्या वर्षांनी? लोक म्हणतील, ह्यानं आमची पोरं कशाच्या जिवावर पाण्यात ढकलली? माजं सगळं शिकवणंच खोटं ठरंल की."

"मग शिका."

"ह्या वयात? कुटं? आन कुनाकडं?"

"माज्या माहेरी," मथुराबाई म्हणाल्या. "माज्याकडं."

मथुराबाईंचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याकाठचं. चौथ्या वर्षापासून त्या म्हशीच्या शेपटीला धरून तिथल्या नदीत जायच्या, आणि दहाव्या वर्षी म्हैस त्यांच्या मागं पोहायची. पण लग्न होऊन निंबहळ्ळीत आल्यापासून त्यांचं पाऊल पाण्यात पडलं नव्हतं. विहीर पुरुषांची आणि पोरांची. शिवाय नवरा काठावर उभा राहणार आणि बायको उडी मारणार, हे दिसायला बरं दिसलं नसतं. उन्हाळाभर त्या तात्यांची भाकरी घेऊन विहिरीवर जायच्या, वरच्या पायरीवर जरा वेळ पाण्याकडं बघत बसायच्या, आणि रिकामी दुरडी घेऊन परत यायच्या.

भाऊ आजारी असल्याचं गावात सांगून दोघं निघाले. आजारी म्हटलेला भाऊ सयाजी एसटीच्या थांब्यावर केळीचा घड खांद्यावर घेऊन उभा होता.

रोज पहाटे, शेतीपंपाच्या मोटारी सुरू व्हायच्या आत, मथुराबाई कासोटा घालून पाण्यात उतरायच्या. तात्या बंडी आणि धोतरात, कमरेएवढ्या पाण्यात, देवळात उभं राहिल्यासारखे हात जोडून उभे.

"पाय मारा."

"मारतोय की."

"तुमी पाय मारत न्हाय, पाण्यावर राग काढताय. हळू मारा. अंग सोडा."

"सोडलं तर खाली जातंय!"

"धरलं तरी जातंय. मग सोडायला काय झालं?"

तिसऱ्या दिवशी नाकातोंडातलं पाणी काढत तात्यांनी विचारलं, "तू मला 'घाबरू नको' असं एकदाबी म्हनत न्हाईस?"

"तसं म्हणून कुनाची भीती गेलीय?"

एकेका पोराला तात्यांनी ते शब्द पन्नास पन्नास वेळा ऐकवले होते, आणि तेही कोरड्या पायरीवरून.

त्यात सयाजीनं घोळ केला. "दाजी, एवढे नावाजलेले मास्तर तुमी, माज्या नातवंडांना शिकवा की जरा," असं म्हणून त्यानं तीन पोरं आणून उभी केली. तात्यांना केवढा धीर आला! ते पटकन पाण्याबाहेर आले, धोतर पिळलं, काठावर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात सांगू लागले, "मान वर! गुडघा वाकवू नको! शाब्बास!" चौथ्या दिवशी तिन्ही पोरं पोहू लागली. तात्या आठव्या दिवशीही काठाजवळच होते. दहा आकडे मोजेपर्यंत उताणं पडून राहता येत होतं, तेवढंच. अकराव्या आकड्याला ते बुडत.

"तुमी शिकवता बरं," मथुराबाई म्हणाल्या. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "शिकता मात्र वाईट."

एकवीस तारखेला सकाळी तलावावर सगळं गाव लोटलं. मांडव, बँड, हलगी. कंत्राटदारानं फरशी एवढी निळी बसवली होती, की पाणी औषधासारखं दिसत होतं. बसू नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत बसून कुरकुरत होता, "नळाला चौथ्या दिवशी पाणी, आन हितं डुंबायला तळं!" त्यावर महादेवीअक्कांनी, हे पाणी वाया जात नाही, बागेतल्या झाडांना जातं, हे त्याला सहाव्यांदा समजावलं.

तात्या ठोकळ्यावर उभे होते. नवी बंडी, नवी चड्डी, कपाळाला कुंकू. खाली सात फूट पाणी. समोर त्यांच्या हाताखालून गेलेली तीन पिढ्यांची माणसं. संगमेश पैलवान, वायरमन, किराणावाले, मास्तरणी, सगळी. ती सगळी ज्या नजरेनं बघत होती, ती नजर तात्यांना पाण्यापेक्षा खोल वाटली.

त्यांनी माईक मागितला.

"मंडळी," ते म्हणाले, "मला पवायला येत न्हाय."

मग सगळा मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"खरंच येत न्हाय," तात्या म्हणाले. "कधीच येत नव्हतं. मी नुसता दोर धरत होतो."

आता लोक मांड्यांवर थापा मारू लागले. संगमेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सुम्म, गप बसा की तात्या," बसू ओरडला, "हसवून मारताय काय आमाला!"

"अरे, शपथेवर सांगतोय, गाढवांनो!"

याला तर टाळ्या पडल्या. बँडमास्तरला वाटलं, भाषण संपलं. त्यानं हात वर केला आणि बँड सुरू झाला.

तात्यांनी मथुराबाईंकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्या चपला काढून ठेवत होत्या.

पायरीवरून परत उतरावं, तर लोक म्हणणार, तात्या मस्करी लांबवतोय. खरं पटवून द्यायचा आता एकच मार्ग उरला होता. तात्यांनी डाव्या हातानं नाक धरलं, डोळे मिटले आणि आपल्याला पोहता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी सात फूट पाण्यात उडी मारली.

सिद्ध व्हायला वेळ लागला नाही. आधी तात्यांची टाळू वर आली, मग एक हात, मग "बु—" एवढाच शब्द. लोक टाळ्या वाजवत होते. बसू शेजारच्याला समजावून सांगत होता, "नवशिका माणूस कसा बुडतो, ते दावतोय बग. बेष्ट दावतोय. असं दाखवायला लई कसब लागतं."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक इरकली लुगडं सपकन पाण्यात गेलं. लोकांनी बघितलं तर मथुराबाई. दोन हातांत त्या तात्यांपाशी पोचल्या, मागून बंडीला धरलं, आणि बाजारातून पिशवी आणावी तसं त्यांना उथळ बाजूला ओढून नेलं. तात्यांनी काठाची दांडी पकडली आणि पोटातलं निळं पाणी बाहेर काढलं.

बँड एक एक वाद्य करून थांबला.

"म्हणजे," महादेवीअक्का हळूच म्हणाल्या, "खरंच?"

तात्यांनी मान हलवली. ती वर करायचं त्यांना धाडस होईना. अडतीस उन्हाळे संपले, असं त्यांना वाटलं.

"तात्या," संगमेश पैलवान उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुमाला येत न्हाय. मग तुमी शिकवलेलं मला येतंय का न्हाय?"

हा प्रश्न मांडवात एखाद्या गांधीलमाशीसारखा फिरला. मोठी माणसं एकमेकांकडं बघू लागली. संगमेशला राहवेना. त्यानं सदरा काढला, घड्याळ बायकोकडं दिलं आणि धाडकन उडी टाकली. पहिल्या चार रांगा भिजल्या. पैलवान वर आला, चार हात मारले, आणि लहान पोरासारखा ओरडला, "येतंय! तात्या, मला येतंय!"

"मला बगू दे," म्हणून वायरमननं उडी मारली. त्याच्यामागं किराणावाले दोघं भाऊ. मग एक मास्तरणी पदर खोचून. मग कोण कोणाच्या अंगावर पडतंय ते कळेना. मुख्याधिकारी नवीन होते. ते काठावर धावत ओरडत होते, "टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही! नियम आहे!" एक म्हातारा डोक्यावरच्या गांधी टोपीला हात लावून "घातलीय की!" म्हणाला आणि त्यांच्या देखत आत गेला. बसूनं जोडे हातात घेऊन उडी मारली. पाणी चौथ्या दिवशी येतं, हे तो वर आल्यावरही सांगत होता, पण पोहत पोहत. सगळ्यांना येत होतं. एकालाही येत नाही असं निघालं नाही.

मथुराबाई या गर्दीत नव्हत्या. त्या पलीकडच्या कडेनं एकट्याच, कुणाकडं न बघता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होत्या आणि परत येत होत्या. चाळीस वर्षांचं राहिलेलं एका दिवसात उरकायचं असल्यासारख्या.

तात्या दांडीला धरून बघत होते. बघता बघता त्यांचा जुना आवाज कधी सुटला, ते त्यांनाही कळलं नाही. "संग्या, मान वर! वायरमन, तुजा उजवा पाय अजून तसाच हाय रे! तिसरीत असताना सांगितलं होतं!" आणि वायरमन पस्तीस वर्षांनी "व्हय मामा" म्हणून पाय सुधारत होता.

महादेवीअक्का नेसत्या पैठणीनिशी पोहत त्यांच्यापाशी आल्या. केस चेहऱ्याला चिकटलेले, गजरा कुठंतरी वाहून गेलेला.

"पाटी काढून टाक, बाई," तात्या म्हणाले.

"का? उघडला की तलाव. असा कुठला उघडला होता आजवर?" अक्कांनी श्वास घेतला. "पोरांना सोमवारपासून तुमीच शिकवायचं. मथुराकाकू पाण्यात, तुमी काठावर."

"आन मला?"

"तुमाला मी." अक्कांनी पाण्याखालून त्यांच्या पाठीला तळहात लावला. "सोडा दांडी."

"अगं, तुला पेलवणार न्हाय."

"सोडा म्हणतेय ना."

तात्यांना वाटलं, आता ही 'घाबरू नका' म्हणणार. पण ती काही बोलली नाही, नुसती हात लावून उभी राहिली. तात्यांनी एकदा मथुराबाईंकडं बघितलं. त्या पलीकडच्या टोकाला वळत होत्या. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं एक एक करून उलगडली आणि दांडी सोडली.

"आता डावा," अक्का म्हणाल्या.

"डाव्याचं सोमवारी बघू," तात्या म्हणाले.